‘कडक’ या शब्दाने मला नापास केले : मॉड्युल ६ चा माझा अनुभव

विमान देखभाल अभियंत्याच्या परवान्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालय ज्या विषयवार परीक्षा घेते, त्यांपैकी सहाव्या, म्हणजे ‘मटेरियल्स अँड हार्डवेअर’ या मॉड्युलमध्ये मी पहिल्या प्रयत्नात नापास झालो. उत्तीर्ण होण्यासाठी ७५ टक्के गुण लागतात आणि मला ७१ मिळाले होते. ज्या शिकवणीत मी जात होतो, तेथे प्रश्नसंच पाठ करून घेण्यापलीकडे फारसे काही होत नसे. परंतु सगळा दोष तिच्यावर ढकलणे बरोबर होणार नाही, कारण हार्डनेस, स्ट्रेंग्थ, स्टिफनेस आणि टफनेस या चारही शब्दांच्या व्याख्या मला तोंडपाठ असूनही मनात मी त्या सर्वांचे भाषांतर ‘कडक’ असेच करत होतो. पापड कडक, चहा कडक, मे महिन्यातले नागपूरचे ऊन कडक आणि उष्णोपचार केलेले अॅल्युमिनियमही कडक, अशी माझी सोयीची समजूत होती.

वायुसेनेतून शीट मेटलच्या कामावरून निवृत्त झालेले आणि नागपुरात दाभ्याला राहणारे एक गृहस्थ आमच्या शेजाऱ्यांच्या ओळखीचे होते. त्यांच्याकडे मी उत्तरपत्रिकेतले आठवतील तेवढे प्रश्न लिहून घेऊन गेलो. त्यांनी यादीवरून नजर फिरवली आणि एका प्रश्नावर बोट ठेवले. उष्णोपचाराने मिश्रधातूचा कोणता गुणधर्म जवळजवळ बदलत नाही, असा तो प्रश्न होता आणि यादीत मी त्यापुढे उत्तर लिहिले होते, घनता. घनता हा त्या पर्यायांत नव्हताच. मी घाईत दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर आठवून लिहिले होते. अपेक्षित उत्तर होते स्टिफनेस, म्हणजेच ताठरता. मला ते पटेना. “कडक झाल्यावर ताठर होणारच ना, सर?” असे मी विचारले, त्यावर ते म्हणाले, “मोजून पाहा बे, मग बोल.”

त्यांनी दिलेल्या तीन पट्ट्या २०२४ या मिश्रधातूच्या होत्या. (हा सनाचा आकडा नव्हे, पहिला २ हा अंक तांबे हे प्रमुख मिश्रक असल्याचे सांगतो आणि या धातूत ते साधारण ४.४ टक्के असते.) प्रत्येक पट्टी १ मिलिमीटर जाडीची आणि २५ मिलिमीटर रुंदीची होती. पहिली कारखान्यातून आली तशी, म्हणजे टी३ या उष्णोपचाराने बळकट केलेल्या अवस्थेत होती. दुसरी ४१० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून सावकाश थंड केलेली, म्हणजे मऊ केलेली होती. तिसरी नंतरच्या प्रयोगासाठी तशीच राखून ठेवली होती. पहिल्या दोन पट्ट्या मी घरी टेबलाच्या कडेला शिकंज्याने अशा आवळल्या की प्रत्येकीची १५० मिलिमीटर लांबी बाहेर राहील, आणि टोकाला १०० ग्रॅमचे वजन टांगून पट्टी किती झुकते ते मोजपट्टीने पाहिले. टी३ पट्टी साधारण ७ मिलिमीटर झुकली. मऊ पट्टीही साधारण ७ मिलिमीटरच झुकली. मी वजने, शिकंजा, मोजपट्टी असे सगळे बदलून पाहिले, तरी आकडा तोच राहिला. त्यानंतर अर्धा किलोचे वजन टांगले. टी३ पट्टी बरीच वाकली, पण वजन काढताच सरळ झाली. मऊ पट्टी मात्र मुळाशी मोडल्यासारखी खाली गेली आणि तशीच राहिली.

त्या दोन क्षणांत मला जे कळले, ते वर्षभराच्या पाठांतरात कळले नव्हते. दिलेल्या भाराखाली पट्टी किती झुकेल हे ठरवते ती ताठरता, आणि ती उष्णोपचाराने बदलत नाही. कायमची वाकण्यापूर्वी पट्टी किती भार सोसेल हे ठरवते ते पराभव-बल (यील्ड स्ट्रेंग्थ), आणि ते २०२४ च्या मऊ अवस्थेत साधारण ७५ मेगापास्कल असते, तर टी३ अवस्थेत ३४५ च्या आसपास. माझ्या ‘कडक’ या एका शब्दाने हे दोन्ही गिळून टाकले होते. ‘चिवट’ हा शब्द मात्र आपल्याकडे टफनेससाठी अगदी नेमका आहे, याचेही मला त्या दिवशी नवल वाटले.

तिसऱ्या पट्टीसाठी आम्ही हिंगणा एमआयडीसीतील, अवजारे तापवून त्यांना पाणी देणाऱ्या एका लहान कारखान्यात गेलो. २०२४ चे द्रावण-उष्णोपचाराचे, म्हणजे तांबे धातूत विरघळून एकजीव होईपर्यंत तापवण्याचे, तापमान ४९५ अंशांच्या जवळ असते आणि ५०० च्या थोडे वर गेले तरी धातूच्या कणांच्या सीमा वितळू लागतात, म्हणून भट्टीच्या तापमापकावर सरांचा विश्वास बसेपर्यंत तासभर गेला. नंतरची अडचण अस्सल नागपूरची होती. पट्टी बाहेर काढल्यावर काही सेकंदांत थंड पाण्यात पडायला हवी आणि पाणी ३० अंशांहून कमी असायला हवे; पण मे महिन्यात दुपारी दोन वाजता पत्र्याच्या शेडमधल्या टाकीचे पाणी हाताला कोमट लागत होते. अखेर बर्फाची अर्धी लादी आणून टाकीत फोडली.

पाण्यातून काढलेल्या पट्टीचे मी दोन तुकडे केले आणि एक तुकडा दीड मिलिमीटर त्रिज्येच्या कडेवर काटकोनात वाकवला. तो निमूटपणे वाकला. दुसरा तुकडा घरी ठेवून चार दिवसांनी त्याच कडेवर वाकवायला घेतला, तेव्हा हाताला स्पष्ट विरोध जाणवला आणि बाकाच्या बाहेरच्या अंगाला केसासारखी भेग पडली. चार दिवसांत त्याच्यावर कोणीही काही केले नव्हते. साध्या तापमानाला तांब्याचे अणू आपोआप एकत्र येत गेले होते. आल्फ्रेड विल्म या जर्मन धातुशास्त्रज्ञाला विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाच प्रकार आढळला आणि त्यातून ड्युरॅल्युमिन हा मिश्रधातू जन्माला आला. या धातूचे रिव्हेट शीतकपाटात का ठेवतात, हेही मला तेव्हाच उमगले, कारण थंडीत हे आपोआप बळकट होणे, म्हणजे धातूचे ‘वय वाढणे’, लांबते.

पुढचा अभ्यास मी कागदावर भागाकार करत केला. अॅल्युमिनियमचा स्थितिस्थापकता गुणांक, म्हणजे ताठरतेचे माप, ७० गिगापास्कल आणि घनता २.७, पोलादाचे २०० आणि ७.८५, टायटॅनियमच्या नेहमीच्या मिश्रधातूचे ११४ आणि ४.४३. भागाकार तिन्हींचा २६ च्या आसपासच येतो. म्हणजे वजनाच्या हिशेबाने ताठरतेत हे तिघेही सारखेच आहेत. मग अॅल्युमिनियमच का, तर त्याच वजनात पत्रा जाड मिळतो आणि पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. जुन्या विमानांतल्या स्प्रूस लाकडाचा भागाकारही २५ च्या जवळ जातो; आमच्या चंद्रपूरच्या सागवानाचा मी उगीचच काढून पाहिला, तो १८ च्या आसपास राहिला. ही चौकट मोडते ती कार्बन तंतूंची संमिश्रे, आणि बोइंग ७८७ च्या वजनात त्यांचा वाटा निम्मा आहे.

धातूचा थकवा, म्हणजे वारंवार येणाऱ्या ताणाने धातूला भेग पडत जाणे, या प्रकरणावर मी सर्वाधिक वेळ दिला, कारण तेथे पराभव-बलाचाही दिलासा उरत नाही: पोलादाला जशी एक मर्यादा असते की तिच्याखालचा ताण कितीही वेळा आला तरी चालतो, तशी स्पष्ट मर्यादा अॅल्युमिनियमला नाही. १९५४ मध्ये कॉमेट या ब्रिटिश प्रवासी जेट जातीची दोन विमाने कोसळल्यावर इंग्लंडमधील फार्नबरो येथे एका कॉमेटचे धड पाण्याच्या टाकीत ठेवून दाब पुन्हा पुन्हा वाढवण्यात आणि कमी करण्यात आला, तेव्हा ते खिडकीच्या कोपऱ्यापाशी फाटले. पत्र्यावर सुईने ओरखडा काढू नये आणि शिसपेन्सिलीनेही खूण करू नये, हे सर सारखे का बजावत, ते मला यातून कळले. ओरखड्यापाशी ताण साचतो आणि पेन्सिलीतले ग्राफाइट अॅल्युमिनियमला गंजवते.

दुसऱ्या प्रयत्नात मला ८६ टक्के मिळाले. पेढे घेऊन दाभ्याला गेलो, तेव्हा भेग पडलेला तुकडाही खिशात होता. सरांनी तो उजेडात तिरका धरला, लाटणीच्या बारीक रेषा पाहिल्या आणि विचारले, “घडी कोणत्या दिशेने घातली होतीस?” घडी रेषांना समांतर होती, ती आडवी असायला हवी होती. दोन्ही तुकडे एकाच पट्टीचे असल्यामुळे तुलना चुकली नव्हती, पण भेग इतक्या लवकर पडण्यात माझ्या हाताचाही वाटा होता. त्यांनी कपाटातून नवी पट्टी काढून दिली.