तुम्ही विचारलेत म्हणून: घर आमचे, मग खिडकीला परवानगी कशाला?

"घर वाडवडिलांनी बांधलेले, घरपट्टी आम्ही भरतो, पावसाळ्यात गळते तेही आमच्याच डोक्यावर, मग साधी खिडकी बदलायची तर हेरिटेज समितीला का विचारायचे?" कोल्हापूरच्या जुन्या पेठांमधले घरमालक मला हा प्रश्न सतत विचारतात. मी वास्तुविशारद आहे आणि जुन्या घरांच्या दुरुस्तीचे प्रस्ताव तयार करणे हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. प्रश्न बहुतेक वेळा त्राग्याने विचारला जातो, तरीही मला तो रास्त वाटतो, कारण परवानगी का लागते आणि समिती नेमके काय पाहते हे घरमालकाला कोणी नीट समजावून सांगितलेलेच नसते. म्हणून हे सविस्तर उत्तर.

सर्वांत आधी आपले घर महापालिकेच्या वारसा यादीत आहे का, किंवा वारसा परिसरात मोडते का, हे नगररचना विभागात जाऊन पाहावे. घर जुने आहे एवढ्याने ते यादीत येत नाही. यादीत नसलेल्या घराच्या आतली दुरुस्ती, किंवा बाहेरचे रूप फारसे न बदलणारी कामे, यांना परवानगी लागत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम ४३ मध्ये तशी सवलतच आहे. मात्र त्याच कलमात वारसा वास्तू आणि वारसा परिसर यांना या सवलतीतून वगळले आहे. शेजारच्या घरी विनापरवाना झालेले काम तुमच्या घरी का होत नाही, याचे उत्तर बहुधा या अपवादात असते. पुढचा तपशील विकास नियंत्रण नियमांत येतो. देशात वारसा वास्तूंसाठी असे नियम प्रथम मुंबईत १९९५ साली लागू झाले आणि राज्यातील इतर शहरांचे नियम साधारण त्याच धर्तीवर आहेत. त्यांत पाडकाम आणि वाढीव बांधकाम तर आहेच, पण दुरुस्ती, गिलावा, रंगकाम आणि वास्तूचे वैशिष्ट्य असलेला एखादा भाग बदलणे यांचाही उल्लेख आहे. समितीचे काम सल्ला देण्याचे असते आणि लेखी परवानगी महापालिका आयुक्त देतात, हेही लक्षात ठेवावे. समितीच्या एखाद्या सदस्याने तोंडी "करा" म्हटले म्हणून कामाला हात घालू नये.

यादीतल्या सगळ्याच वास्तूंना एक माप लावले जात नाही. पहिल्या श्रेणीतील वास्तूला आतून किंवा बाहेरून हात लावायचा तो तिला बळकटी देऊन तिचे आयुष्य वाढवण्यापुरताच, तोही कमीत कमी. दुसऱ्या श्रेणीत आतले बदल आणि नवा वापर यांना वाव असतो, पण बाहेरच्या रूपाची छाननी काटेकोर होते. तिसऱ्या श्रेणीतील इमारत गल्लीच्या किंवा रस्त्याच्या एकूण रूपासाठी महत्त्वाची असते, त्यामुळे तिथे आतले-बाहेरचे बदल सामान्यतः मान्य होतात. "यादीत नाव आले म्हणजे घर गोठले" ही समजूत मी अनेकांकडून ऐकते. ती या तीन श्रेणी वाचल्या तर टिकत नाही.

आता खिडकीकडे वळते. शिवाजी पेठेतील एका तीन खणी घराच्या मालकांना माडीवरच्या सागवानी खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवायच्या होत्या. कारणे खरी होती: झडपा लागत नव्हत्या, पाऊस आत येत होता आणि सुताराने "सगळे कुजले आहे" असे सांगितले होते. आम्ही एकेक खिडकी उतरवून पाहिली. चौकटी ठणठणीत होत्या, लोखंडी गज आणि कडीकोयंडे शाबूत होते. कुजली होती ती प्रत्येक झडपेची फक्त खालची आडवी पट्टी, आणि कुजण्याचे कारण वर छपराला होते. पन्हळ फुटल्यामुळे पागोळ्या थेट खिडकीच्या तळाशी पडत आणि ते पाणी लाकडात मुरत असे. पन्हळ बदलली, कुजलेला भाग कापून तिथे जुन्या सागवानाचा तुकडा सांधला, बिजागऱ्या सारख्या केल्या, तेलपाणी केले. प्रस्तावात आम्ही प्रत्येक खिडकीचे छायाचित्र, मोजमाप आणि कुजलेल्या भागाची खूण दिली होती. समितीला त्यात विचारण्यासारखे फारसे उरले नाही.

याच उदाहरणावरून समितीची विचार करण्याची पद्धत सांगता येते. आपले घर सुंदर आहे की नाही याच्याशी तिला देणेघेणे नसते, निदान नसावे. या बदलाने मूळचे काय जाणार आहे, आणि उद्या कोणाला वाटले तर तो बदल घराला इजा न करता काढून घेता येईल का, हे दोन प्रश्न महत्त्वाचे असतात. ज्याची दुरुस्ती होऊ शकते ते बदलू नये, आणि बदलावेच लागले तर आकार, माप आणि साहित्य मूळचेच ठेवावे, हे तत्त्व जगभरच्या अशा समित्या मानतात. त्या माडीवरची खिडकी जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर सुरू होत होती, कारण ती बैठकीवर बसलेल्या माणसाला वारा आणि रस्ता दोन्ही मिळावे अशी केलेली होती, आणि तिच्या दोन्ही झडपा सताड उघडत. सरकती खिडकी बसवली असती तर निम्मीच उघडली असती. घरमालकांना हे पटले ते नियमामुळे नव्हे. एप्रिलच्या दुपारी त्या माडीवर बसून पटले.

भिंतींच्या बाबतीत मी याहून आग्रही आहे. आपल्याकडची जुनी घरे काळ्या दगडाच्या जोत्यावर, पांढऱ्या मातीच्या किंवा भेंड्याच्या (कच्च्या विटांच्या) भिंतींची आणि आत लाकडी खांब-तुळयांची असतात. या भिंती जमिनीतली ओल थोडीफार ओढतात आणि उन्हाळ्यात ती हवेत सोडून देतात. त्यांवर सिमेंटचा गिलावा केला की ओलीची बाहेर पडण्याची वाट बंद होते, मग ती आतल्या आत वर चढते, लोणा लागतो म्हणजे पांढरे क्षार फुटतात, पोपडे सुटतात आणि भिंतीत टेकलेल्या तुळयांची टोके कुजू लागतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर पंचगंगेच्या बाजूच्या अनेक घरांत लोकांनी घाईघाईने सिमेंटचा जाड थर दिला. घर सावरण्याची ती धडपड मला समजते, पण भिजलेली मातीची भिंत सिमेंटने झाकणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधण्यासारखे आहे. समितीने चुन्याचा गिलावा सुचवला की तो हौसेखातर सुचवला असे मालकांना वाटते. वास्तविक तो भिंत जगवण्याचा उपाय आहे. चुना नीट भिजवून मुरवावा लागतो, थर पातळ द्यावे लागतात आणि प्रत्येक थराला वेळ द्यावा लागतो, एवढे मात्र खरे. आणि हे काम जाणणारे गवंडी आता शोधावे लागतात.

न्हाणीघर, संडास, स्वयंपाकघराचा ओटा, विजेची नवी जोडणी यांवर समिती अडून बसते असा माझा अनुभव नाही. या सोयी मागच्या परड्याच्या बाजूला घेतल्या आणि नळांचे पाइप दर्शनी भिंतीवर आणले नाहीत की प्रश्न सहसा सुटतो. वाढीव मजला हा खरा तिढा. तो रस्त्यावरून दिसणार नाही इतका मागे घेता येतो का, जुन्या भिंतींवर त्याचा भार न टाकता स्वतंत्र खांबांवर उभारता येतो का, हे संरचना अभियंत्याच्या अहवालासह दाखवावे लागते. इथे अनेक मालक जुन्याची हुबेहूब नक्कल करून समितीला खूश करू पाहतात आणि सिमेंटच्या महिरपींना लाकडी रंग देतात. नवे बांधकाम जुन्याशी जुळते असावे, पण ते नवे आहे हे ओळखू यावे, असे मला ठामपणे वाटते.

हे बंधन आपल्याकडेच आहे असेही नाही. अमेरिकेत चार्ल्सटन शहराने १९३१ सालीच जुन्या वस्तीतील घरांच्या बाह्यबदलांची छाननी सुरू केली, आणि न्यूयॉर्कने १९६३ मध्ये सुरू झालेले पेनसिल्व्हेनिया स्टेशन या भव्य जुन्या रेल्वे स्थानकाचे पाडकाम डोळ्यांदेखत पाहिल्यावर १९६५ मध्ये वारसा वास्तू जपण्याचा कायदा केला. न्यूयॉर्कच्या वारसा आयोगाकडची एक पद्धत मला फार आवडते: ठरावीक निकषांत बसणाऱ्या बहुतांश अर्जांची परवानगी तिथले कर्मचारीच देतात आणि मोठ्या बदलांचीच जाहीर सुनावणी होते. कौले चाळणे, पन्हळ बदलणे, झडप सांधणे या कामांसाठी आपल्याकडेही मालकाला समितीच्या बैठकीची वाट पाहावी लागू नये. मृग तोंडावर आला असताना छप्पर उघडे ठेवून कोणी थांबत नाही, आणि थांबावे अशी अपेक्षाही ठेवू नये.

दुसरे दुखणे त्याहून मोठे आहे. पावसाळ्याआधी महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली धोकादायक इमारतींना नोटिसा निघतात. एका हातात ती नोटीस आणि दुसऱ्या हातात वारसा यादीची प्रत घेऊन माणूस माझ्याकडे येतो, तेव्हा पाडायचे की जपायचे हे त्याने एकट्याने ठरवायचे असते. धोकादायक म्हणजे पाडण्यालायक असे प्रत्येक वेळी नसते. टेकू देऊन, कुजलेली तुळई बदलून घर उभे राहू शकते, फक्त त्याला पैसे लागतात. बांधता न आलेल्या क्षेत्राच्या बदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागी वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देण्याची तरतूद नियमांत आहे, पण छोट्या घराच्या मालकाला आज सागवान आणि चुना घ्यायला रोख रक्कम हवी असते. शहराला आवडणारी गल्ली टिकवण्याचा सगळा खर्च त्या गल्लीतल्या चार कुटुंबांवर टाकणे मला अन्यायाचे वाटते, आणि समितीच्या बाजूने बोलतानाही मी हे बोलल्याशिवाय राहत नाही.

तरीही मी परवानगीच्या बाजूची आहे. महाद्वार रोडला दुकानांच्या पाट्यांकडे न पाहता त्यांच्या वर पाहत चाला. एसीपीच्या (ॲल्युमिनियम-प्लास्टिकच्या) चकचकीत पत्र्यांच्या मधून कुठे कोरीव कठडा, कुठे सज्जाला आधार देणारे लाकडी घोडे डोकावतात. एकेका मालकाने एकेक दर्शनी भाग झाकला, कोणीही रस्ता बिघडवायचा म्हणून बिघडवला नाही. प्रत्येकाचा बदल लहानच होता, म्हणून तो कोणीतरी एकत्रितपणे पाहण्याची गरज होती.

कागदपत्रांविषयीचा माझा आग्रह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीनंतर अधिकच वाढला. शाहू महाराजांनी उभारलेले, १९१५ मध्ये पूर्ण झालेले केशवराव भोसले नाट्यगृह त्या रात्री आगीत गेले, आणि ते होते तसेच उभे राहावे अशी मागणी सगळ्या शहरातून झाली. "होते तसे" म्हणजे नेमके कसे, हे मोजमाप-नकाशे आणि छायाचित्रे असली तरच सांगता येते. हीच गोष्ट तुमच्या सोप्याला आणि माडीलाही लागू आहे.

म्हणून ठेकेदाराला आगाऊ रक्कम देण्याआधी घराचे मोजमाप करून घ्या, प्रत्येक खोलीची छायाचित्रे काढा, मालमत्ता पत्रक आणि अभियंत्याचा अहवाल जोडा, आणि काय बदलायचे याच्या आधी काय बिघडले आहे ते लिहा. पन्हाळ्यासारख्या केंद्र संरक्षित स्मारकाजवळ घर असेल तर गोष्ट वेगळी आहे: तिथे पहिल्या शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि पुढच्या दोनशे मीटरपर्यंत नियंत्रण असते, दुरुस्तीलाही पुरातत्त्व कायद्याखालची स्वतंत्र परवानगी लागते आणि महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या होकाराने ती भागत नाही. अर्ज नाकारला गेला तर कारणे लेखी मागा आणि सुधारित प्रस्ताव द्या. आणि स्थळपाहणीच्या दिवशी घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला हजर ठेवा. कोणती भिंत कधी पडून पुन्हा बांधली, जिना आधी कुठे होता, माडी नंतर चढवली की मुळातलीच, हे त्यांना ठाऊक असते, आणि समितीच्या सदस्यांना तेच विचारायचे असते.