जागृतीच्या जाहिरातींना माझी हरकत का?

“लोकांना माहिती व्हावी म्हणूनच तर या जाहिराती असतात, मग तुमचा त्यांना विरोध का?” हा प्रश्न अपंगत्वाविषयी जागृती करणाऱ्या जाहिरातींबाबत मला नेहमी विचारला जातो. तुम्हीही विचारलेत, म्हणून नीट उत्तर देते.

जागृतीला माझा विरोध नाही. ज्याच्याविषयी जाहिरात आहे तो माणूसही ती वाचणार आहे, याचा विसर पडतो, एवढीच माझी हरकत आहे. डिसेंबर २००७ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या बालमानसिक आरोग्य केंद्राने शहरभर लावलेले फलक अपहरणकर्त्याच्या चिठ्ठीसारखे होते: तुमचा मुलगा आमच्या ताब्यात आहे, आणि खाली सही ‘ऑटिझम’ (म्हणजे स्वमग्नता, मेंदूची जन्मजात वेगळी घडण, जिच्यामुळे संवाद साधण्याची आणि लोकांत मिसळण्याची पद्धत वेगळी असते). पालकांनी मुलांवर वेळेत उपचार करावेत, हा त्यामागचा हेतू मला मान्य आहे. पण मूल पळवले गेले असेल, तर घरात वावरते आहे ते कोण? मी स्वतः स्वमग्न आहे, त्यामुळे ती चिठ्ठी मी पालकांच्या नव्हे, त्या मुलाच्या बाजूने वाचते. स्वमग्न व्यक्तींनी चालवलेल्या एका संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या निषेधानंतर ते फलक त्याच महिन्यात मागे घेण्यात आले. तरीही २००९ मध्ये ‘ऑटिझम स्पीक्स’ या संस्थेच्या चित्रफितीत ऑटिझम पुन्हा खलनायकाच्या आवाजात संसार मोडण्याची धमकी देत होता.

भीती आणि कीव यांवर देणग्या लवकर मिळतात, हे यामागचे साधे कारण आहे. अमेरिकेत स्नायूंच्या आजारांसाठी विनोदी अभिनेते जेरी लुईस दूरचित्रवाणीवरून वर्षानुवर्षे निधी गोळा करत असत. लहानपणी त्याच मोहिमेच्या प्रचारात झळकलेली काही मुले १९९१ च्या सुमारास, मोठेपणी, तिच्याविरुद्ध निदर्शने करू लागली. निधीतून उपचार होतात हे त्यांना ठाऊक नव्हते, असे कोण म्हणेल? (कौतुकाचा अतिरेक करणाऱ्या जाहिरातीही मला फारशा वेगळ्या वाटत नाहीत, तिथे माणसाने निव्वळ जगण्यासाठीही टाळ्या घ्यायच्या असतात.)

अपंग व्यक्तींविषयीचे पूर्वग्रह दूर करणे, हे संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारातील आठव्या कलमाने सरकारांचे कर्तव्य ठरवले आहे. म्हणून कोणी मसुदा दाखवला, की तो लिहिताना संबंधित व्यक्तींपैकी कोण सोबत होते, हे मी आधी विचारते. छपाईच्या आदल्या दिवशी संमतीपुरते बोलावणे मी त्यात धरत नाही. मजकूर बदलण्याचा अधिकार आणि कामाचे मानधन, दोन्ही त्यांना मिळायला हवे.