शंभर ग्रॅमचे वर्ष

बाबा ज्या डायरीत पेरणी, फवारणी आणि मजुरीचा हिशेब ठेवतात, तिच्याच मागच्या पानांवर मी दरवर्षी खेळांचे निकाल टिपून ठेवतो. २०२४ ची पाने परवा चाळली, तेव्हा लक्षात आले की विजेत्यांच्या नावांपुढे लिहिलेले फरकाचे बरेचसे आकडे अगदी बारीक आहेत.

त्याला पहिला अपवाद दुर्दैवाने आपल्या विदर्भाचाच. मार्चमध्ये वानखेडेवर रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात मुंबईने विदर्भासमोर ५३८ धावांचे लक्ष्य ठेवले. कर्णधार अक्षय वाडकरच्या शतकाच्या बळावर विदर्भाने ३६८ पर्यंत मजल मारली, तरी १६९ धावांनी हार पत्करावी लागली आणि मुंबईने बेचाळिसावे विजेतेपद घेतले.

२९ जूनच्या रात्री बार्बाडोसमध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना सुरू होता. दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० धावा हव्या होत्या, सहा गडी हातात होते, आणि नेमकी तेव्हाच आमच्याकडची लाइन गेली. मोबाइलवरचे चित्र अडखळत येत असताना गावात इन्व्हर्टर असलेल्या एकमेव घरातून आरोळी उठली, म्हणून सूर्यकुमारने सीमारेषेवर मिलरचा झेल घेतल्याचे आम्हाला आधी कानांनी कळले. भारत सात धावांनी जिंकला. बाबांनी त्या पानावर दुसऱ्या दिवशीच्या डवरणीची मजुरी लिहून ठेवली आहे, त्यामुळे माझी नोंद समासात गेली.

जुलैत स्पेनने इंग्लंडला २-१ असे हरवून युरो चषक जिंकला, तर अर्जेंटिनाने कोलंबियाला जादा वेळेत नमवून कोपा अमेरिका राखला. विम्बल्डन अल्काराझ आणि क्रेचिकोव्हाने घेतले. फुटबॉल आणि टेनिसचे गावात कुणाला फारसे सोयरसुतक नसते, म्हणून तेवढ्याच ओळी.

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मात्र आम्ही रात्री जागवल्या. शंभर मीटरच्या शर्यतीत नोआ लाइल्स आणि किशेन थॉम्पसन या दोघांचीही वेळ ९.७९ सेकंद अशी झळकली. निकाल सेकंदाच्या पाच हजारांश भागाने लागला आणि सुवर्ण लाइल्सला मिळाले. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्यपदक जिंकले. भालाफेकीत पाकिस्तानच्या अर्शद नदीमच्या ९२.९७ मीटरच्या फेकीला नीरज चोप्राला ८९.४५ मीटरचेच उत्तर देता आले. तिथे फरक मोठा होता, म्हणून फारशी हळहळही वाटली नाही.

विनेश फोगाटचे तसे नव्हते. ६ ऑगस्टला तिने आंतरराष्ट्रीय लढतीत तोवर कधीही न हरलेल्या जपानच्या कुस्तीपटू युई सुसाकीला हरवले आणि त्याच दिवशी अंतिम फेरी गाठली. दुसऱ्या सकाळी ५० किलोच्या मर्यादेपेक्षा शंभर ग्रॅम जास्त भरली म्हणून ती बाद झाली. बाबा ढेप भिजवत होते. ऐकून म्हणाले, “शंभर ग्राम त बारदान्यातच जाते ना बे!” काट्यावर क्विंटलमागे किलोच्या हिशेबात कटती सोसणाऱ्या माणसाला हा न्याय पटणे शक्यच नव्हते. मला नियम समजत होता, पण त्यांना तो समजावण्याची हिंमत झाली नाही.

बुद्धिबळात आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखचे नाव दोनदा लिहावे लागले: जूनमध्ये कनिष्ठ मुलींची जगज्जेती म्हणून आणि सप्टेंबरमध्ये बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमधल्या सांघिक व वैयक्तिक सुवर्णासाठी. १२ डिसेंबरला कापसाची वेचणी चालली होती आणि मी धुऱ्यावर बसून सिंगापूरच्या जगज्जेतेपदाच्या लढतीचा चौदावा डाव मोबाइलवर पाहत होतो. डाव बरोबरीकडे झुकलेला असताना डिंग लिरेनने हत्ती एका चुकीच्या घरात नेला आणि अठरा वर्षांचा गुकेश जगज्जेता झाला. डिंग उठून गेल्यावर, डोळे भरलेले असतानाच, त्याने पटावरची मोहरी एकेक करून पुन्हा आपापल्या घरात मांडली. तेवढ्यात काट्यावरून हाक आली, कारण वेचलेल्या कापसाची वजने लिहून घेण्याचे काम माझ्याकडेच असते.