एवढं मोठं मशीन, मग दम्याचा एमआरआय का नाही?

मी नागपुरात धंतोलीतल्या एका सेंटरमध्ये एमआरआय टेक्निशियन आहे, १४ वर्षं झाली. गुडघ्याचा किंवा कंबरेचा एमआरआय काढायला आलेल्यांपैकी कोणीतरी हा प्रश्न विचारतंच. मागच्या आठवड्यात उमरेडची एक मुलगी म्हणाली, "मायनं कधी बिडी ओढली नाही, मॅडम. ३० वर्षं चुलीपुढं बसली. आता जिना चढली की दम लागते. तिचा श्वास कुठं अडकून राहिला ते या मशीनमध्ये दाखवून द्या ना."

दारात उभ्या उभ्या मी दोन वाक्यांत उत्तर देते आणि ते दरवेळी अपुरं राहतं. म्हणून आज नीट सांगते.

छातीचा साधा एमआरआय स्क्रीनवर आला की यकृत दिसतं, हृदयाची भिंत दिसते, मणके दिसतात. फुफ्फुसांच्या जागी मात्र दोन काळे डाग. आमचं मशीन मुख्यतः शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजनचा सिग्नल टिपतं, आणि फुफ्फुसात बहुतेक हवाच असते. त्यात हवा आणि ऊती जिथे जिथे भिडतात, तिथे चुंबकक्षेत्र किंचित विस्कटतं. जो थोडा सिग्नल उमटतो, तो एक-दोन मिलिसेकंदांत विरतो. वर छाती हलत असते, हृदय धडधडत असतं.

मग फुंकायची टेस्ट आहेच की, असं तुम्ही म्हणाल. आहे, आणि ती आधी करायलाच हवी. पण स्पायरोमेट्री दोन्ही फुफ्फुसांचा मिळून हिशेब देते. मीटरवरून घरात पाणी किती आलं ते कळतं, कोणता नळ कोरडा पडला ते कळत नाही. बारीक श्वासनळ्या बंद पडू लागल्या तरी सुरुवातीला फुंक चांगलीच येते. सीटीत फुफ्फुसाची रचना सुरेख दिसते, पण साध्या सीटीवरून हवा कुठवर पोचते ते कळत नाही, आणि लहान मुलांना वारंवार रेडिएशन देणं कोणालाच नको असतं.

यावर शास्त्रज्ञांनी काढलेला मार्ग मला आजही थक्क करतो. फुफ्फुस दिसत नाही ना, मग श्वासच दिसेल असा करायचा. झेनॉन हा वायू आपल्याच हवेत आहे, एक कोटी भागांत जेमतेम एक भाग. त्यातला झेनॉन-१२९ हा प्रकार घेतात आणि लेसर व रुबिडियम या धातूच्या वाफेच्या मदतीने त्याची अणुकेंद्रं एका दिशेला वळवतात. सिग्नल दहा हजार पटींहून जास्त वाढतो. १९९४ मध्ये उंदराच्या फुफ्फुसाचं असं पहिलं चित्र आलं. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये १२ वर्षं आणि त्याहून मोठ्या रुग्णांसाठी त्याला मंजुरी मिळाली.

पेशंट पिशवीतला वायू ओढतो, दहा-पंधरा सेकंद श्वास धरतो, बस. हवा पोचली ती जागा उजळते, पोचली नाही ती काळी राहते. दम्यात बरेचदा त्याच त्याच जागा पुन्हा बंद पडतात आणि पंप घेतल्यावर त्यातल्या काही भरून येतात, हेही अशाच चित्रांतून दिसलं. झेनॉन रक्तातही विरघळतं, त्यामुळे प्राणवायू रक्तात नीट उतरतो का याचाही अंदाज येतो.

आमच्याकडे हे का नाही? आमचं १.५ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीन ६४ मेगाहर्ट्झवर ऐकतं, झेनॉन १७.७ वर बोलतं. त्यासाठी वेगळी इलेक्ट्रॉनिक्स लागतात, छातीभोवती सिग्नल टिपणारी वेगळी कॉइल लागते आणि वायू तयार करणारं यंत्र जवळच लागतं, कारण अणुकेंद्रांचं ते एका दिशेला वळणं, म्हणजे ध्रुवीकरण, फार टिकत नाही. फुफ्फुसात गेल्यावर तर प्राणवायू ते अर्ध्या मिनिटात खाऊन टाकतो.

माझी आशा आहे ती दुसऱ्या पद्धतीवर. तिला कुठलाच वायू लागत नाही. पेशंट नेहमीसारखा श्वास घेत पडून राहतो आणि मशीन भराभर चित्रं काढतं. श्वास आत गेला की फुफ्फुस अजून काळवंडतं, बाहेर आला की किंचित उजळतं. ही संथ लय एकीकडे, हृदयाच्या ठोक्यांची जलद लय दुसरीकडे, अशी गणिताने निवड केली की हवा आणि रक्त दोन्हींचे नकाशे निघतात. साध्या मशीनवर, श्वास न रोखता! धाप लागलेल्या म्हातारीला आणि पाच वर्षांच्या पोराला झेपेल अशी हीच तपासणी आहे. ती आपल्या रोजच्या कामात यावी असं मला मनापासून वाटतं.

त्या मुलीला एवढं सगळं सांगायला वेळ नव्हता. "माय पंप कसा घेते?" एवढंच मी विचारलं. मायने पिशवीतून पंप काढला, तोंडाशी धरला, दाबला आणि मग श्वास घेतला. अर्धा फवारा ओठांवरूनच बाहेर निघून गेला. मी म्हटलं, "मावशी, आधी पूर्ण श्वास सोडा. आता हळू ओढायला लागा, ओढता ओढता दाबा, आणि धरून ठेवा." मग मशीनच्या खोलीत माइकवरून मोजते तसं दहापर्यंत मोजलं. सातवर त्यांनी श्वास सोडला. "पुढच्या खेपेला दहा," त्या म्हणाल्या.