गाठी आल्यात, पण कुणाच्या?

काकांचा फोटो आला तेव्हा मी चहा गाळत होते. डिसेंबर संपत आला होता. फोटोत उपटलेलं चवळीचं झाड, मुळावर बारीक-मोठ्या गाठींची रांग. एका हातात गाळणी तशीच धरून दुसऱ्या हाताने उत्तर टाकलं, "काका, गाठी मस्त आल्यात! जिवाणू लागले." शेवटी अंगठा.

जानेवारीच्या मध्यावर फोन आला. "ताई, गाठी हायत, पन चवली पिवली पडलीय. येऊन बगा एकदा."

काकांनी बियाण्याला चोळलेलं जिवाणूंचं पाकीट आमच्याच छोट्या प्रयोगशाळेतलं होतं. चवळी, भुईमूग, कुळीथ या गटाला चालणारं रायझोबियम (मुळावर गाठी करून झाडासाठी हवेतलं नत्र बांधणारे जिवाणू), 250 ग्रॅम, दहा किलो बियाण्याला पुरेल एवढं. खरं सांगते, आंजर्ल्याकडे जाणाऱ्या एसटीत बसल्या बसल्या मी निकाल देऊन मोकळी झाले होते. बियाण्याला गुळाच्या पाण्यातून पाकीट चोळलं असेल आणि उन्हात वाळत घातलं असेल. उन्हात जिवाणू मरतात, हे वाक्य मी दिवसातून चार वेळा म्हणते.

काकूंनी दारातच ते वाक्य मोडीत काढलं. "ओटीवर सावलीत वालवलान मी. आनि त्याच दिशी पेरलान."

शेत दोन तुकड्यांत. वरच्या मळ्यात भात कापल्यावर ओलीवर चवळी टाकलेली, हिरवीगार. खाली विहिरीजवळ पुळणवट, म्हणजे वाळूचा पट्टा, त्यात पिवळी ठिगळं. ठिगळाच्या मधली झाडं खुरटी, कडेची बरी. बी तेच, पाकीट तेच, पेरणीचा दिवसही तोच. नत्र कमी पडलं असतं तर पट्टाभर सारखी पिवळी झाक आली असती. ही ठिगळं पाहून मला पहिल्यांदा शंका आली.

झाड उपटायचं नाही, कुदळीने ढेकळासकट काढायचं. तसं दोन्हीकडून एकेक झाड काढलं आणि बादलीतल्या पाण्यात ठेवून दिलं. माती आपसूक सुटली.

मळ्यातल्या मुळाला कडेने मणी चिकटवल्यासारख्या गोल गाठी होत्या. अंगठ्याने ढकललं की अलगद सुटत. एक नखाने चिरली तर आतून कोकम सरबतासारखा रंग निघाला आणि नख गुलाबी झालं. हा लेगहिमोग्लोबिन, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा नातेवाईक. नत्र बांधणारं विकर (एन्झाइम) प्राणवायूने बिघडतं, म्हणून हा तिथला मोकळा प्राणवायू धरून ठेवतो आणि जिवाणूंना बेताबेताने देतो. गाठ गुलाबी, म्हणजे काम चालू.

विहिरीजवळचं मूळ मात्र आल्याच्या गड्ड्यासारखं. गाठ मुळावर नव्हती, मूळच सुजलं होतं. नखाने ढकलून काही सुटेना. ब्लेडने चिरलं, भिंग लावलं. आत गुलाबी काही नाही, साबुदाण्याच्या कणीसारखा मोतिया ठिपका. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीची, म्हणजे जमिनीतल्या बारीक जंताची मादी.

त्या पट्ट्यात आधी काय होतं ते विचारलं. तीन वर्षं वांगी आणि भेंडी. या सूत्रकृमीला दोन्ही आवडतात, चवळीही आवडते, आणि पुळणवट माती तर फारच.

फोटोतली माझी चूक तिथेच कळली. काकांनी झाड हिसका देऊन उपटलं होतं. अशा वेळी चांगल्या गाठी सुटून मातीत राहतात आणि वाईट तेवढ्या मुळासोबत वर येतात. मी त्यांनाच अंगठा दिला होता.

हे मला जमिनीत उकिडवं बसून काकूंना सांगावं लागलं आणि सांगताना मीच जरा अडखळले. कारण दोन्ही गाठींमागे खेळ वनस्पतीच्याच संप्रेरकांचा (हार्मोन्सचा) आहे. चवळीचं मूळ फ्लॅव्होनॉइड नावाचं रसायन सोडतं, त्याला जिवाणू 'नॉड फॅक्टर' नावाचा रेणू सोडून उत्तर देतो, मूळकेस वाकडा होतो. मग मुळाच्या आतल्या पेशींत सायटोकायनिन हे संप्रेरक जागं होतं, ऑक्झिन हे दुसरं एका जागी साठतं, पेशी विभागू लागतात आणि गाठ उभी राहते. गाठी फार होऊ नयेत म्हणून इथिलीन हे तिसरं संप्रेरक ब्रेक लावतं. गाठ बांधायची तयारी झाडात किती आधीपासून असते, हे 2007 मध्ये लोटस जॅपोनिकस या छोट्या शेंगवर्गीय झाडात दिसलं (आपलं कमळ नव्हे, नावावर जाऊ नका). सायटोकायनिन ओळखणारं त्याचं प्रथिन कायम चालू राहील असा बदल झालेल्या झाडांना एकही जिवाणू नसताना गाठी आल्या.

सूत्रकृमी याच संप्रेरकांना हात घालतो. मुळाच्या टोकाशी शिरतो, आतल्या काही पेशींना फुगवून अवाढव्य करतो आणि बसल्या जागी त्यांतून अन्न ओढतो. भोवतीच्या पेशी वाढतात, मूळ सुजतं. बदल्यात झाडाला काही मिळत नाही.

"म्हंजी ही बया आमचा खाती," काकू म्हणाल्या. मी मान हलवली.

परतीच्या गाडीत इटलीचा शास्त्रज्ञ माल्पिघी आठवला. 1679 मध्ये त्याने शेंगवर्गीय मुळांवरच्या गाठींचं चित्र काढलं आणि त्या कीटकांमुळे आल्या असं समजला. गाठीतला जिवाणू वेगळा काढून दाखवायला बायरिंक हा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ यायचा होता, 1888 मध्ये, हॉलंडात. माल्पिघीने चांगल्याला वाईट म्हटलं, मी वाईटाला चांगलं. त्याच्याकडे निदान तीनशे वर्षांपूर्वीची सबब होती.

उभ्या पिकाला मी काही औषध सुचवलं नाही, पट्टा गेलाच होता. मळ्यातल्या शेंगा येऊ द्या, खालची झाडं मुळासकट काढून जाळा, उन्हाळ्यात नांगरून माती तापू द्या, निंबोळी पेंड घाला, एक हंगाम झेंडू घ्या, आणि वांगी-भेंडी-चवळी तिथे इतक्यात नको. काकांना वांगी सोडणं जड गेलं. काकूंनी फक्त विचारलं, गोंडा लावू की मखमल? बाजारात दसऱ्याला गोंडा खपतो, म्हटलं गोंडाच लावा.

फेब्रुवारीत त्यांचा परत फोटो आला. या वेळी मळ्यातलं मूळ, ढेकूळ बादलीत भिजवून सोडवलेलं, आणि शेजारी काकूंचा अंगठा, नखाला गुलाबी लागलेलं. मी आधी फोटो मोठा करून पाहिला, मग उत्तर दिलं.