छोटा डीएसएलआर घ्यायचाय? मग बॉडी नंतर, लेन्स आधी

मिररलेसच्या (आत आरसा नसलेल्या, सगळं चित्र स्क्रीनवरच दाखवणाऱ्या कॅमेऱ्यांच्या) जमान्यात आरशातून थेट दाखवणारा डीएसएलआर कोण घेतं असं म्हणणारे लगेच येतील, तर त्यांचं आधीच ऐकून घेतो. कॅननचा आर५० बॅटरी-कार्डासकट ३७५ ग्रॅम भरतो आणि एकही डीएसएलआर तिथपर्यंत पोचत नाही, मान्य. पण नवीन मिररलेस कॅमेरा किट लेन्ससकट (सोबत येणाऱ्या साध्या लेन्ससकट) घ्यायला जेवढे पैसे जातात तेवढ्यात सेकंडहँड डीएसएलआर, किट लेन्स आणि वर एक टेली (लांबचं टिपणारी लेन्स) असं सगळं बसतं, शिवाय व्ह्यूफाइंडरला डोळा लावून तासभर पक्ष्याची वाट बघत बसलात तरी बॅटरी जवळपास खर्च होत नाही. फोटोग्राफी झेपतेय का नाही हेच अजून ठरायचंय अशा माणसाला मी आजही डीएसएलआरच घे म्हणतो.

आता "छोटा" म्हणजे कुठला. ही शर्यत कॅननने २०१३ ला १००डी काढून सुरू केली, बॅटरी-कार्डासकट ४०७ ग्रॅम, तेव्हाचा सगळ्यात लहान डीएसएलआर. मग २०१७ ला २००डी आला (४५३ ग्रॅम), २०१९ ला २००डी मार्क टू (४४९ ग्रॅम). निकॉनने २०१८ मध्ये डी३५०० काढला, तो ४१५ ग्रॅम. म्हणजे १००डी सोडला तर यातल्या सगळ्यात हलक्या आणि सगळ्यात जड बॉडीत (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यात) फरक किती, ३८ ग्रॅम. मूठभर पारले-जीची बिस्किटं इकडची तिकडे झाली तर कळणार नाही एवढा, आणि लोक यावरून रात्र-रात्र व्हिडिओ बघत बसतात!

खरं वजन आणि खरा आकार लेन्समध्ये असतो. डी३५०० ला ३५ एमएम एफ१.८ लेन्स (एमएम जास्त तेवढी पोच लांब, एफचा आकडा लहान तेवढा प्रकाश जास्त) लावली की २०० ग्रॅम वाढतात आणि पुढे पाच सेंटीमीटरचं नाक येतं. कॅननला २४ एमएम एफ२.८ ची पॅनकेक लेन्स मिळते, वजन १२५ ग्रॅम आणि जाडी सव्वादोन सेंटीमीटर, बॉडीला चिकटवलेलं झाकण वाटावं अशी. हिशोब केला तर २००डी मार्क टू आणि पॅनकेक मिळून ५७४, डी३५०० आणि ३५ एमएम मिळून ६१५. बॉडी जड असूनही जोडी हलकी झाली की नाही! म्हणून दुकानात जाऊन "सगळ्यात छोटा दाखवा" म्हणू नका, आधी कुठली लेन्स सत्तर टक्के वेळ लावून फिरणार ते ठरवा. फुलं, घरातली पोरं, सणवार, रस्त्यावरचे फोटो असतील तर पॅनकेकमुळे माझं मत कॅननकडे झुकतं. पक्षी असतील तर निकॉनची एएफ-पी ७०-३०० घ्या, ती क्रॉप (छोट्या सेन्सरमुळे दृश्य जवळ येतं ते) धरून ४५० एमएमचं काम करते आणि वजन ४१५ ग्रॅमच आहे. कॅननची ५५-२५० एसटीएमही चांगली आहे, ४० ग्रॅमने हलकी, पण पोच ४०० पर्यंत. भिगवणला होडीत बसून फ्लेमिंगो टिपायचे तर ते जास्तीचे ५० उपयोगी पडतात (आणि तेही शेवटी कमीच पडतात, पक्ष्यांना कुठलीच लेन्स पुरत नाही).

निकॉन घेताना लेन्सवर व्हीआर (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) लिहिलंय का ते बघाच. १८-५५ आणि ७०-३०० दोन्ही व्हीआर असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन-दोन प्रकारात आल्यात, दिसायला सेम, आणि सेकंडहँडवाला नेमकी बिनाव्हीआरची हातात देतो. अजून एक म्हणजे डी३५०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही, त्यामुळे जुनी ५० एमएम एफ१.८डी स्वस्तात मिळतेय म्हणून उचलली तर ऑटोफोकस विसरा, सगळं हाताने फिरवायचं. एएफ-एस नाहीतर एएफ-पी असं लिहिलेलीच, म्हणजे मोटर आतच असलेली लेन्स घ्यायची. कॅननला ही कटकट नाही, कुठलीही ईएफ किंवा ईएफ-एस लेन्स चालते.

माझी मावसबहीण साताऱ्यात असते, तिला कास पठारावरची फुलं आणि थोडे व्हिडिओ करायचे होते. तिला मी डोळे झाकून २००डी सांगितला कारण त्याचा स्क्रीन बाहेर निघून फिरतो आणि टचचा आहे. सप्टेंबरात कासला जमीन ओली, फूल वीतभर उंचीचं, फिक्स स्क्रीनवाला कॅमेरा असेल तर चिखलात आडवं पडून फ्रेम बघावी लागते. फिरणारा स्क्रीन असला की वाटेवरच उकिडवं बसून कॅमेरा खाली धरायचा आणि बोटाने फुलावर टॅप करायचं, ड्युअल पिक्सल (कॅननची स्क्रीनवरून झटपट फोकस करायची पद्धत) असल्यामुळे फोकस झटकन बसतो. डी३५०० चा लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवर बघून काढतानाचा) फोकस आधी पुढे जातो मग मागे येतो मग विचार करतो, तोपर्यंत वाऱ्याने फूल हललेलं असतं. शिवाय डी३५०० ला माइकचं जॅक नाही आणि वायरच्या रिमोटचंही सॉकेट नाही, ताऱ्यांचे लांब एक्स्पोजरचे फोटो काढायचे तर मोबाईलच्या ब्लूटूथवर भिस्त.

तिला नवा मार्क टू का नाही सुचवला? त्याच्या हॉट शूमधली (वरच्या फ्लॅश लावायच्या खाचेतली) मधली पिन कॅननने काढून टाकलीय, त्यामुळे इतर कंपन्यांचे साधे स्वस्त फ्लॅश आणि ट्रिगर त्यावर पेटतच नाहीत. पहिल्या २००डी ला ती पिन आहे. मार्क टू चा ४के व्हिडिओ पण नुसता खोक्यावर छापायला, फ्रेम बरीच कापली जाते आणि ड्युअल पिक्सल तिथे बंद. हा, बॅटरी मात्र मार्क टू ची भारी, कंपनीच्या आकड्यानुसार १०७० फोटो, जुन्याचे ६५०. आणि या बाबतीत डी३५०० दोघांचाही बाप आहे, १५५० फोटो! तीन-चार दिवसांच्या रेंज ट्रेकला, जिथे चार्जिंगचा पत्ता नाही, तिथे मी स्वतः डी३५०० च नेईन. त्याची ग्रिपही खोल आहे, २००डी धरला की माझी करंगळी हवेत लटकते, बहिणीचा हात लहान आहे तिला काही जाणवलं नाही. हे प्रत्यक्ष हातात धरूनच कळतं.

स्वस्त म्हणून कॅननचा ३०००डी सुचवणारे पण भेटतील. नको. लेन्स बसते ती रिंगच प्लास्टिकची, आणि व्ह्यूफाइंडरला चष्म्याच्या नंबराप्रमाणे फिरवायचं चाकच नाही. नंबरवाल्यांनी तर लांबच राहावं.

सेकंडहँडसाठी मुंबईत फोर्टला बोरा बाजारात चक्कर मारा, दोन-चार दुकानं फिरल्याशिवाय पैसे काढू नका. लेन्समध्ये मोबाईलचा टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, कोकणातून आलेल्या लेन्समध्ये हमखास, कितीही स्वस्त असली तरी परत द्या. निकॉनचा शटर काउंट (आजवर किती फोटो काढलेत तो आकडा) फोटोच्या एक्झिफमध्येच (फोटोसोबत साठवलेल्या माहितीत) सापडतो, एक फोटो काढून तिथेच तपासता येतो. या कॅननमध्ये तो एक्झिफमध्ये नसतो, म्हणून ग्रिपचं रबर, बटणांची झीज आणि विकणाऱ्याच्या गप्पा यावरून अंदाज बांधायचा. घरी आणल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, पावसाळ्यात कापडी बॅगेत कपाटात टाकून दिलात तर तुमच्याही लेन्सला बुरशी येणार. आणि यातला एकही वॉटरप्रूफ नाही, त्यामुळे लोहगडावर जुलैत काढायचाच असेल तर छत्री धरणारा मित्र सोबत न्या.

कार्डाच्या बाबतीत दुकानदार महागडं यूएचएस-टू (जास्त वेगाचं कार्ड) गळ्यात मारायला बघेल. हे कॅमेरे यूएचएस-वनच वापरतात, त्यामुळे साधं चांगल्या कंपनीचं ६४ जीबी घ्या, एकाऐवजी दोन घ्या, आणि उरलेल्या पैशात एक एक्स्ट्रा बॅटरी.