शंभरातून सात

परीक्षा दीड महिन्यावर आली तेव्हा भाची चार जणांना घेऊन माझ्याकडे आली. एमबीबीएसला मानसोपचाराचा वेगळा पेपर नसतो, गुण मेडिसिनमध्येच. म्हणून सगळे हा विषय शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. माझ्या वेळी मीही ढकलला होता. "मावशी, फक्त नोट्स दे."

नोट्स दिल्या नाहीत. पाठांतर चोख होतंच: लक्षणं नैराश्याला दोन आठवडे, मेनियाला (अतिउत्साहाच्या आजाराला) एक, लिथियम या औषधाची रक्तातली पातळी 0.6 ते 1.2. पहिल्या रविवारी मीच पेशंट होऊन बसले. विडी घरकुलातली, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतली बाई, शाळेचं तोंड न पाहिलेली, झोप उडालेली. भाची म्हणाली, "शंभरातून सात वजा करत जा." मी गप्प. तिने लिहिलं, एकाग्रता कमी. "अगं, हजार विड्यांच्या मजुरीवरून साडेसातशेचे किती होतील ते विचार तिला. तुझ्या आधी सांगेल."

म्हणींचंही तेच. पेशंटची विचारशक्ती बघायला 'नाचता येईना अंगण वाकडे'चा अर्थ विचारायचा, तर पेशंट तेलुगू. अशोक चौकातला मुलगा हसला, "आमच्याकडे अंगण नाही, मद्दल फुटका असतो." मद्दल म्हणजे मृदंगासारखं वाद्य. सोलापुरात परीक्षा द्यायची तर हे उपयोगी पडतं. पुढचे दोन रविवार त्यानेच तेलुगूत प्रश्न बसवून घेतले.

"तुम्हाला भास होतात का?" याला कोण हो म्हणणार? "जवळ कोणी नसताना आवाज येतो का? दोघं मिळून तुमच्याबद्दल बोलतात का?" असं विचारलं की पेशंट बोलतो.

चौथ्या रविवारी मी नैराश्याची पेशंट झाले. भूक, झोप, वजन, सगळं विचारून झालं. मरणाचं एकानेही विचारलं नाही. "विचारलं की डोक्यात येईल ना?" येत नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस सुटतो. "जगावंसं वाटत नाही, असं होतं का?" हे वाक्य मी प्रत्येकाकडून मोठ्याने म्हणवून घेतलं. अशोक चौकवाल्याचा आवाज तिसऱ्यांदा सरळ निघाला. भाचीला रडू आलं. त्या दिवशी पुढे काही शिकवलं नाही, चहा केला.

तोंडी परीक्षेनंतर तिचा सात रस्त्यावरून फोन आला. दारू अचानक बंद झालेला पेशंट, ग्लुकोज आधी की थायमिन (बी-1 जीवनसत्त्व), एवढंच विचारलं. "थायमिन म्हटलं. बाकीचं काहीच नाही विचारलं गं, मावशी!"